ब्लोअर बंद पडलाय? मोटर विकत घेण्याआधी एवढं तपासा

बेळगाव-खानापूर पट्ट्यात गाडीचा हीटर थंडीसाठी फार कोणी लावत नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा सोडल्या तर त्याची आठवणही येत नाही. ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डमधून वारा फेकणारा पंखा, खरा लागतो तो जूनपासून. जांबोटी मागं टाकून कणकुंबीकडं, चोर्ला घाटाच्या बाजूला निघालात, गाडीत चार माणसं, काचा बंद, बाहेर धो-धो. दोन मिनिटांत पुढची काच आतून पांढरी होते. अशा वेळी ब्लोअर हलला नाही तर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं, अशी कसरत सुरू होते. घाटात ती परवडत नाही.

हा लेख साध्या, तारेच्या केबलवर चालणाऱ्या हीटरच्या जुन्या गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, जुनी अल्टो, झेन, सँट्रो, इंडिका, सुमो आणि त्याच धर्तीच्या इतर. आपोआप तापमान राखणाऱ्या एसीच्या गाड्यांत रेझिस्टरच्या (खालचे स्पीड देणाऱ्या पट्टीच्या) जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथं यातलं सगळं लागू पडणार नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. ब्लोअरची मोटर स्वतःहून क्वचित मरते. तिला वरून गळणारं पाणी मारतं, आत शिरलेला पाला मारतो, नाहीतर कोरडा पडलेला बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची कडी). कारण तसंच ठेवून नवी मोटर बसवली तर पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा त्याच काउंटरवर उभे राहाल.

१. आधी ब्लोअर काय सांगतोय ते ऐका

पाना हातात घेण्याआधी इग्निशन ऑन करून प्रत्येक स्पीड लावून बघा. निम्मं निदान इथंच होतं.

फक्त सगळ्यात वरच्या स्पीडवर चालतो, खालचे स्पीड मेलेत: रेझिस्टर गेला. मोटर ठीक आहे. या एका लक्षणावर मोटर बदलायला कोणी सांगितलं तर सरळ दुसरं गॅरेज बघा.

वरचा स्पीड चालत नाही, खालचे चालतात: वरच्या स्पीडसाठी वेगळा रिले (विजेवर चालणारा स्विच) असेल तर तो, नाहीतर स्विच किंवा त्याची वायर.

एकाही स्पीडवर हालचाल नाही: फ्यूज, रिले, अर्थिंग (बॉडीकडं जाणारी परतीची वायर), कनेक्टर, स्विच, मोटर. याच क्रमानं तपासायचं.

कधी चालतो, कधी नाही, खड्ड्यात गाडी आपटली की सुरू होतो: मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज देणाऱ्या कार्बनच्या वड्या) झिजलेत किंवा कनेक्टर सैल झालाय. पूर्ण स्पीड लावून मोटरच्या बुडाला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं हलके ठोके द्या. सुरू झाला तर संशय ब्रशवर.

सकाळी सुरू करताना चिर्र-चिर्र आवाज, मग हळूहळू थांबतो: बुश कोरडा.

टक-टक-टक, आणि स्पीड वाढवला की टकटकही वाढते: पंख्यात पान, काडी किंवा कागद अडकलाय. फर्र असा आवाज आणि डॅशबोर्डला थरथर असेल तर पंख्याचा तोल गेलाय. बहुतेक वेळा एका बाजूला चिखल चिकटलेला असतो.

जळका वास: ब्लोअर ताबडतोब बंद करा. रेझिस्टरचा किंवा स्विचचा कनेक्टर वितळत असतो. "जरा वेळानं वास जातो" म्हणून चालवत राहू नका, डॅशबोर्डच्या आत आग लागायची सुरुवात अशीच होते.

२. काय-काय लागेल

हत्यारं फार नाहीत. फुलीचे दोन स्क्रू-ड्रायव्हर, एक लांब आणि एक आखूड. डॅशबोर्डखाली लांबडा मावत नाही. ८ आणि १० चे गोटी पाने एक्स्टेन्शनसह. पक्कड, हातातला किंवा डोक्याला लावायचा टॉर्च, जुना टूथब्रश, रंगाचा एक इंची ब्रश, ४०० किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर, शिलाई मशीनचं तेल, डिजिटल मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प. हातमोजे आणि तोंडाला फडकं किंवा मास्क घ्या, त्याचं कारण पुढं येईल. स्क्रू ठेवायला जुनी डबी.

मल्टिमीटर घरगुती इलेक्ट्रिशियनचा साधा असला तरी चालतो, पण दोन चुका करू नका. ब्लोअर पूर्ण स्पीडला १० अँपिअरच्या वर सहज ओढतो, म्हणून मीटर अँपिअरच्या खोबणीत लावून मोटरबरोबर जोडू नका. मीटरचाच फ्यूज उडेल, स्वस्तातला असेल तर मीटरच जाईल. दुसरी, घरच्या वायरिंगवर करंट बघायचा साधा क्लॅम्प मीटर गाडीवर काही दाखवत नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा येतो.

पार्ट आणायला जाताना आरसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. काउंटरवर मॉडेल, बनावटीचं वर्ष, पेट्रोल की डिझेल, एसी आहे की नाही, हे चारही विचारतात. एकाच नावाच्या गाडीत एसीवाल्या आणि बिनएसीच्या मॉडेलचा ब्लोअर वेगळा असू शकतो.

३. फ्यूज आणि रिले

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. ब्लोअरचा किंवा हीटरचा फ्यूज शोधा, उपटा, उजेडात धरा. तार तुटलेली दिसते. कधीकधी तार शाबूत असते, पण पात्यावर हिरवट गंज चढलेला असतो, तेही तितकंच वाईट. पॉलिश पेपर हलका फिरवा.

पात्याच्या फ्यूजचा रंगच आकडा सांगतो: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा, ३० हिरवा. झाकणावर जो आकडा आहे तोच घाला. १५ चा उडतो म्हणून ३० चा घालणं हा या कामातला सगळ्यात महाग जुगाड. फ्यूज वाचतो आणि वायर जळते. चांदीचा कागद गुंडाळणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

नवा फ्यूज कधी उडतो तेही बघा. लावल्या-लावल्या उडाला तर कुठंतरी वायर बॉडीला टेकलीय. पाच-दहा मिनिटं चालून उडाला तर मोटर जड फिरतेय आणि जास्त करंट ओढतेय.

रिले असेल तर ब्लोअर लावताना टक असा आवाज येतो. शंका आली तर हॉर्नचा रिले त्या जागी लावून बघता येतो. मात्र दोन्हींवर छापलेला नंबर आणि खालच्या पायांची मांडणी तंतोतंत सारखी असेल तरच.

४. मोटरपर्यंत वीज पोचते का

डाव्या बाजूच्या सीटसमोर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागं ब्लोअर असतो. बऱ्याच गाड्यांत खाली वाकून बघितलं तरी मोटरचं गोल बूड आणि दोन वायरींचा कनेक्टर दिसतो.

इथं टेस्ट लॅम्प माणसाला फसवतो. अनेक जुन्या गाड्यांत मोटरला प्लस कायम मिळतो आणि स्विच व रेझिस्टर मायनसच्या बाजूला असतात. टेस्ट लॅम्पची चिमटी बॉडीला लावून टोक मोटरच्या वायरीला टेकवलं की दिवा लागतो, आणि माणूस म्हणतो, "वीज येतेय, म्हणजे मोटर गेली." प्रत्यक्षात परतीचा रस्ता तुटलेला असतो.

म्हणून मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. कनेक्टर काढू नका. त्याच्या मागच्या बाजूनं बारीक पिना दोन्ही वायरींच्या भोकांत सरकवा आणि मीटरची टोकं त्या पिनांना लावा, बॉडीला नाही. पिना एकमेकींना किंवा पत्र्याला टेकू देऊ नका. इग्निशन ऑन, ब्लोअर सगळ्यात वरच्या स्पीडला.

मीटरवर ११-१२ व्होल्ट दिसतायत आणि मोटर ढिम्म: दोष मोटरच्या आत आहे. पायरी ६ वर जा.

शून्याच्या आसपास दिसतंय: आता एक-एक वायर बॉडीशी मोजा. दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट मिळाले तर मोटरमधून वीज पलीकडं येतेय, पण पुढं जायला वाट नाही. म्हणजे अर्थिंगची वायर, स्विच किंवा रेझिस्टर. दोन्हींवर काहीच नसेल तर पुरवठाच पोचत नाही. फ्यूज, रिले, इग्निशन स्विचकडून येणारी वायर बघा. स्विच प्लसच्या बाजूला असलेल्या गाडीत तो आणि रेझिस्टरही याच यादीत येतात.

८-९ व्होल्ट दिसतायत आणि पंखा मरगळल्यासारखा फिरतोय: वाटेत कुठंतरी सांधा गंजलाय. बॅटरीचा आकडा मोजून त्याच्याशी ताडून बघा. वरच्या स्पीडला एखादा व्होल्ट कमी चालतो, तीन नाही. तपकिरी पडलेला, मऊ झालेला कनेक्टर शोधा, गुन्हेगार तोच असतो.

इंजिन बंद ठेवून हे सगळं करत बसलात तर जुनी बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. मधूनमधून ब्लोअर बंद करा.

५. रेझिस्टर, आणि तो पुन्हा-पुन्हा का जळतो

रेझिस्टर ही हातात मावेल एवढी पट्टी असते. एका बाजूला कनेक्टर, दुसऱ्या बाजूला तारेची स्प्रिंगसारखी वेटोळी किंवा चिनी मातीची चपटी वडी. ब्लोअरच्या जवळच हवेच्या मार्गावर दोन स्क्रूंनी बसवलेली. खालच्या स्पीडला करंट या वेटोळ्यांतून जातो, काही वीज उष्णतेत खर्च होते आणि मोटर हळू फिरते. वरच्या स्पीडला करंट वेटोळी टाळून थेट जातो. म्हणून रेझिस्टर गेला तरी वरचा स्पीड जिवंत राहतो.

बाहेर काढण्याआधी दहा मिनिटं थांबा. चालू ब्लोअरचा रेझिस्टर बोट भाजेल इतका तापलेला असतो. काढल्यावर तुटलेली वेटोळी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दिसत नसेल तर मीटर ओहमवर ठेवून पायांमध्ये मोजा: शाबूत रेझिस्टरमध्ये अर्ध्या ओहमपासून काही ओहमपर्यंत आकडे मिळतात. एखाद्या पायाला कुठंच काही मिळत नसेल तर तो तुटला.

आता महत्त्वाचं. रेझिस्टरला थंड ठेवतो तो ब्लोअरचाच वारा. वारा कमी झाला की रेझिस्टर तापतो. आतली जाळी पाल्यानं भरली, पंख्याच्या पाकळ्यांत माती बसली, एसीच्या कॉइलवर धुळीची घोंगडी पडली, की वारा कमी. मोटरचा बुश कोरडा झाला की ती जड फिरते, जास्त करंट ओढते, आणि तो सगळा करंट याच वेटोळ्यांतून जातो. वारा कमी आणि करंट जास्त, मग रेझिस्टर टिकणार कसा? नवा रेझिस्टर चार-सहा महिन्यांत जळला तर दुकानदाराला शिव्या देण्याआधी मोटर हातानं फिरवून बघा.

रेझिस्टरवर एक छोटा थर्मल फ्यूज असतो, जास्त तापला की तोडणारा. तो उडाला म्हणून तिथं तांब्याची तार पिळून दिली जाते. हे कधीही होऊ देऊ नका. तो फ्यूज आग लागू नये म्हणूनच आहे. अख्खा रेझिस्टर मोटरच्या मानानं कितीतरी स्वस्त मिळतो, तोच बदला.

कनेक्टर वितळला असेल तर नुसता नवा रेझिस्टर त्यात खोचून उपयोग नाही. पाय सैल बसतात, तिथं ठिणगी पडते आणि नवाही जळतो. कनेक्टर वायरीसकट बदला, वायर २.५ चौरस मि.मी.पेक्षा बारीक नको, सांधे क्रिम्प करून (धातूच्या टोपीत पक्के दाबून) घ्या. नुसतं पिळून टेप गुंडाळलेला सांधा इथल्या रस्त्यांवर वर्षभर टिकत नाही.

६. मोटर बाहेर काढणं

बॅटरीचा मायनस काढा. डाव्या बाजूला एअरबॅग असलेली गाडी असेल तर डॅशबोर्डखालच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका.

ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा आणि काढा. काही गाड्यांत दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, काहींत स्क्रू असतात. मोटरचा कनेक्टर काढताना वायर ओढू नका. खटका दाबा, प्लॅस्टिक धरून ओढा. वीस वर्षांपूर्वीचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं.

मोटरच्या बुडापाशी करंगळीएवढी रबरी किंवा प्लॅस्टिकची नळी दिसली तर ती कुठून कुठं जाते याचा फोटो काढा. ती ब्लोअरचा थोडा वारा मोटरच्या पोटात नेते. परत लावायची विसरली तर मोटर आतून तापून मरते. उरलेली नळी "एक्स्ट्रा असेल" म्हणून डिकीत टाकल्याचे नमुने कमी नाहीत.

मग बुडाभोवतीचे स्क्रू, बहुतेक वेळा तीन. शेवटचा सोडताना दुसऱ्या हातानं मोटर खालून धरा. मोटर सरळ खाली येते आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षांचा ऐवजही: वाळका पाला, माती, गोगलगाईचे शंख आणि हटकून उंदराचं घरटं. हातमोजे आणि मास्क त्यासाठी. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तेव्हा ती घाण कोरडी झाडू नका. फिनेल किंवा ब्लीचिंगच्या पाण्यानं ओली करून गोळा करा.

मोटर हातात आल्यावर पंखा बोटानं फिरवा. मोकळी मोटर दोन-चार फेरे सहज फिरते. आतल्या लोहचुंबकामुळं किंचित अडखळल्यासारखं लागतं, ते बरोबर आहे. गच्च असेल तर बुश. दांडा आडवा डुगडुगत असेल तर बुश झिजलाय, तेलानं भागणार नाही.

बॅटरीवर थेट चालवून बघायची असेल तर प्लसच्या वायरीत २० चा फ्यूज ठेवा. मोटर पायाखाली नाहीतर व्हाइसमध्ये घट्ट धरा, सुरू होताना ती हिसका देते. शेवटचा सांधा मोटरकडं जोडा, बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी पाडू नका.

७. साफसफाई, ब्रश, बुश

पंखा म्हणजे पिंजऱ्यासारखा गोल, कडेनं बारीक पाकळ्यांचा. टूथब्रश आणि साबणाच्या पाण्यानं प्रत्येक पाकळी स्वच्छ करा. खानापूरच्या बाजूची तांबडी माती लवकर सुटते. अथणी-गोकाककडची काळी माती ओली होऊन वाळली की सिमेंट होते, ती भिजत ठेवावी लागते. पाण्यात फक्त पंखा, मोटर नाही. पाकळीवर एखादी छोटी धातूची चिमटी बसवलेली दिसली तर ती घाण समजून काढू नका. पंखा तोलात राहावा म्हणून कारखान्यानं ती लावलेली असते.

दांड्यावरून पंखा काढायचा असेल तर तो किती खोल बसलाय ते आधी पट्टीनं मोजून लिहून ठेवा. दोन मि.मी. जास्त आत गेला तरी बुडाला घासतो, बाहेर राहिला तर वर.

मोटर उघडायची का? बूड पत्र्याच्या वळवलेल्या कानांनी बंद असेल तर उघडता येतं, पण ते कान दोनदा-तीनदाच वळतात. पूर्ण सील असेल तर नादी लागू नका. उघडण्याआधी दोन्ही भागांवर खडूनं एक आडवी रेघ मारा, तशीच परत जुळवायची. आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) आत घालताना लोहचुंबक ते झटक्यात ओढतो, बोट सांभाळा.

आत तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर दिसेल. तो काळा पडला असेल तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवत हलकेच घासा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीज वाहून नेतात आणि पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. पट्ट्यांमधल्या खाचा सुईनं कोरून काढा, त्यात ब्रशची काजळी भरलेली असते. एखादी पट्टी खोलवर जळालेली असेल, किंवा आर्मेचरच्या तारांना करपल्याचा वास येत असेल तर तिथंच थांबा, मोटर बदला.

कार्बन ब्रश ५ मि.मी.च्या खाली आले असतील तर बदलायचे. बेळगावला उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असल्यानं वाइंडिंग करणारे कारागीर शोधत फिरावं लागत नाही. जुना ब्रश नमुना म्हणून घेऊन जा. मात्र ग्राइंडर किंवा ड्रिलचे ब्रश घासून बसवून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ते २३० व्होल्टचे, जास्त अडथळ्याच्या कार्बनचे असतात. १२ व्होल्टच्या मोटरच्या ब्रशमध्ये तांबं मिसळलेलं असतं आणि उजेडात तिरकं धरलं की तांबूस झाक दिसते. नवा ब्रश खोबणीत सहज वर-खाली सरकला पाहिजे.

बुश सच्छिद्र धातूचा असतो आणि तेल पिऊन ठेवतो. शिलाई मशीनचं तेल, दोन्ही टोकांना दोन-दोन थेंब, दांडा फिरवत जिरू द्या, सांडलेलं पुसा. यापेक्षा जास्त ओतलं तर ते कम्युटेटरवर जाऊन काजळीचा चिखल होतो. ग्रीस छिद्रांत शिरत नाही. गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको: मारल्यावर मोटर छान फिरते, पण तो बुशमधलं जुनं तेल धुऊन नेतो आणि पंधरा दिवसांत चिरचिर परत.

८. पाणी कुठून येतंय ते शोधा

ही पायरी गाळली जाते आणि काम परत उलटतं.

पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली जाळी असते. ब्लोअर बाहेरची हवा तिथूनच घेतो. पावसाचं पाणीही तिथं पडतं आणि दोन्ही कडांच्या भोकांतून चाकाच्या मागं वाहून जातं. गुलमोहर नाहीतर चिंचेखाली गाडी लावत असाल तर त्यांची बारीक पानं जाळीतून अलगद आत जातात आणि ती भोकं बुजवतात. ऊस तोडणीच्या दिवसांत चिकोडी-हुक्केरीकडं शेतातलं पाचट पेटवलं की उडणारी काजळीही तिथंच बसते. जूनच्या पहिल्या दणक्यात त्याचा लगदा होतो. पाणी तुंबतं, पातळी वाढते आणि ते ब्लोअरच्या तोंडातून सरळ मोटरवर येतं. पायाखालचं मॅट ओलं असेल तर आधी हाच संशय घ्या.

जाळी काढा, पाला हातानं काढा, दोन्ही कडांची भोकं सायकलच्या वायर-केबलीनं मोकळी करा. एअर प्रेशर मारताना वरून खाली मारू नका, घाण ब्लोअरमध्ये जाते. मग मोटर बाहेर असतानाच जाळीवर एक तांब्या पाणी ओता. पाणी चाकामागं पडलं पाहिजे. ब्लोअरच्या रिकाम्या भोकातून खाली थेंब आला तर कुठंतरी पत्रा सडलाय किंवा सीलर फाटलाय. तो बुजवल्याशिवाय मोटर बसवू नका.

उंदरांसाठी ब्लोअरच्या तोंडावर पाव इंची तारेची जाळी बसवा. डासांची जाळी बसवू नका. ती महिन्याभरात धुळीनं गच्च होते, वारा कोंडतो, आणि मग रेझिस्टर. रात्री गाडी लावताना हवेचा दांडा आतल्या हवेवर सरकवून ठेवलात तर बाहेरचा पडदा बंद राहतो, उंदराचा तो रस्ताच बंद.

९. नवा पार्ट घेताना

जुनी मोटर सोबत न्या. पंख्याची उंची आणि व्यास, दांड्याची जाडी, स्क्रूच्या भोकांची जागा, कनेक्टर, सगळं काउंटरवर शेजारी ठेवून बघा. गावात न मिळाल्यास लोक कोल्हापूर किंवा हुबळी गाठतात. दोन्हीकडं शंभरेक किलोमीटर, म्हणून न बसल्यास परत घेणार हे बिलावर लिहून घ्या. रेझिस्टर, ब्रश, बुश, आर्मेचर ही नावं कन्नड बोलणाऱ्या गॅरेजमध्येही तीच आहेत, भाषेची अडचण येत नाही. अडचण येते ती "ब्लोअर द्या" एवढंच म्हटलं की. मोटर हवी, पंख्यासह मोटर हवी की डब्यासकट अख्खं युनिट, ते स्पष्ट सांगा.

भंगारातल्या गाडीची मोटर घ्यायला हरकत नाही, मात्र तिथंच बॅटरीवर दोन मिनिटं चालवून, दांड्याची डुगडुग बघूनच.

१०. परत बसवणं

पंखा हातानं फिरवा, कुठं घासत नाही ना बघा. रबरी नळी लावा. गॅस्केट फाटली असेल तर फोमची पट्टी चिकटवा. तीनही स्क्रू थोडे-थोडे आवळा, एकच पूर्ण आवळला तर बूड तिरकं बसतं.

कनेक्टर बदलला असेल तर एक सापळा सांभाळा. दोन वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, पण वारा तरीही पुढूनच येतो, फक्त निम्म्या जोमानं. असा पिंजऱ्यासारखा पंखा कुठल्याही बाजूनं फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. आवाज मोठा आणि वारा थोडा वाटला तर आधी वायरी बदलून बघा.

मायनस जोडा. सगळ्यात खालच्या स्पीडला दहा मिनिटं चालवा, कारण रेझिस्टरवर ताण तिथंच असतो. मग बंद करून कनेक्टरच्या मागच्या वायरीला बोट लावा. कोमट चालेल, चटका नको.

११. वारा येतो, पण गरम नाही

हा ब्लोअरचा दोष नाही. इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊनही हवा गारच असेल तर इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. पातळी बरोबर असेल तर हीटरच्या व्हॉल्व्हची केबल, बऱ्याचदा ती सुटलेली किंवा गंजून अडकलेली असते. त्यानंतर डॅशबोर्डच्या आत जाणारे दोन रबरी पाइप इंजिनच्या बाजूनं हात लावून बघा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर व्हॉल्व्ह बंद आहे किंवा हीटरची कॉइल चोंदलीय. काचेवर तेलकट, गोडसर वासाची वाफ धरत असेल तर कॉइल गळतेय. ते डॅशबोर्ड उतरवण्याचं काम असतं, घरी करू नका.

१२. दुरुस्ती होईपर्यंत घाट उतरायचा असेल तर

हवेचा दांडा बाहेरच्या हवेवर आणि काचेच्या बाजूला, उष्णता पूर्ण. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगात असली की ब्लोअरशिवायही थोडी हवा काचेपर्यंत येते. वळणावर वेग कमी झाला की ती थांबते, म्हणून मागच्या दोन्ही काचा बोटभर खाली ठेवा. ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीत टाका. निघण्याआधी काच आतून साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. तेलकट काचेवर धुकं लवकर आणि दाट धरतं. एवढं करूनही समोरचं दिसेनासं झालं तर पार्किंगचे दिवे लावून कडेला थांबा, वळणावर मात्र नको.